पहिल्या पसंतीचं कॉलेज

शुभदा आठल्ये यांना कधी कुणी रागावलेलं पाहिलं नव्हतं. पण त्यांचं म्हणणं पुरतं ऐकून घेतल्याशिवाय त्यांच्या खोलीतून कुणी सुटलंय, असंही झालं नव्हतं. कल्याणला दूधनाक्याजवळच्या त्या मराठी शाळेला ज्युनियर कॉलेज जोडलेलं होतं, आणि तिथल्या अकरावी-बारावीच्या मुलांना पुढे काय शिकायचं ते सांगायचं काम सहा वर्षांपूर्वी बाईंच्या गळ्यात पडलं. गळ्यात पडलं म्हणायचं आपलं. खरं तर त्यांनी ते मागून घेतलं होतं. त्या भूगोलाच्या शिक्षिका. शनिवार-रविवार ठाण्याला खोपटच्या एका क्लासमध्ये सहा महिने जाऊन त्यांनी समुपदेशनाचं प्रमाणपत्र मिळवलं, आणि मुख्याध्यापकांनी त्यांना खेळाच्या सामानाची खोली रिकामी करून दिली. बॅटी गेल्या, लेझीम गेलं, पण जुन्या चामड्याच्या चेंडूंचा वास काही गेला नाही. मुलं त्या वासातच बसून आपापलं आयुष्य ठरवत.

बाई राहायला डोंबिवलीला, पूर्वेला. नवरा विश्राम, विमा कंपनीतून निवृत्त, शब्दकोड्यांत रमणारा. घर नीटनेटकं, बोलणं नीटनेटकं, पुण्याच्या पुस्तकातल्यासारखं मराठी. एकच शब्द त्यांना सहन होत नसे, तो म्हणजे 'जाऊन-येऊन'. त्याला कारण होतं. बारावीला त्यांना भूगर्भशास्त्र शिकायचं होतं आणि त्यासाठी बाहेरगावी राहावं लागणार होतं. वडील म्हणाले, घरून जाऊन-येऊन जेवढं शिकता येईल तेवढं शिक. वडिलांनी आवाजही चढवला नाही. शुभदाने मान खाली घातली आणि जाऊन-येऊन बी.ए. केलं, जाऊन-येऊन बी.एड. केलं, आणि तीस वर्षं पोरांना ज्वालामुखीचे प्रकार फळ्यावर काढून दाखवले. खरा खडक तिने हातोड्याने कधी फोडला नाही. ही सल माणसाला शहाणं करायला हवी होती. बाईंना तिने हट्टी केलं.

त्यांच्या शाळेत निम्मी मुलं मुसलमान घरांतली. बाई स्वतःला मोठ्या मनाच्या समजत. ईदला मुलींच्या घरी जाऊन शीरखुर्मा खात, रोज्याच्या दिवसांत तोंडी परीक्षा सकाळी लावून घेत. शीरखुर्मा खाणं सोपं असतं हो! पण एखादी मुलगी समोर बसून 'घरी विचारून सांगते' म्हणाली की बाईंच्या मनात एक खटका पडे. त्यांच्यात मुलींना पाठवत नाहीत, एवढं चार शब्दांचं ज्ञान त्या खटक्याला पुरत असे. हे त्या कधी मोठ्याने बोलल्या नाहीत. मोठ्याने बोलल्या असत्या तर कुणीतरी त्यांना दुरुस्त केलं असतं.

तहूरा पेवेकर ही मुलगी त्यांच्याकडे आली ती बारावीच्या निकालानंतर. मूळचं कुटुंब गुहागर तालुक्यातलं, कोकणी मुसलमान, तीन पिढ्या कल्याणात. वडील हिदायत पेवेकर वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपात लेथवर टर्नर. पोरगी लहानपणापासून बापाच्या डब्याबरोबर व्हर्नियर कॅलिपर हाताळत मोठी झालेली. तिला मेकॅनिकल इंजिनियरिंग करायचं होतं, आणि प्रवेश परीक्षेतले गुण असे होते की पुण्याचं नावाजलेलं सरकारी कॉलेजही हाताशी आलं होतं.

"पहिल्या नंबरवर पुणं टाकायचं," बाई म्हणाल्या.

"नाही मॅडम, मी नवी मुंबईचं टाकणारेय पहिलं. घरून जाऊन-येऊन होईल."

झालं! बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

तहूराने कारण सांगितलं होतं, हे इथे नोंदवून ठेवायला हवं. तिच्या आईच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. घरच्यांनी पाळ्या लावून घेतल्या होत्या: सोमवारी चाची, बुधवारी मोठा भाऊ, शनिवारी तहूरा. "चार तास अम्मी मशीनवर असते. मी बाजूला बसून गणितं करते. ती मध्येच डोळे उघडून बघते, मी आहे ना ते. शनिवार मला नाही सोडायचा मॅडम." हे सगळं ती अगदी सरळ सांगत होती. चेहऱ्यावर दुःख नव्हतं, तक्रारही नव्हती. आणि बाईंना नेमकं तेच भयंकर वाटलं. जुंपलेल्या मुलीला जू कळतसुद्धा नाही, असं त्यांनी त्या दिवशीच्या टिपणात लिहून ठेवलं.

"हे तुला वाटतं, की घरच्यांना?"

"मला. पण अजून मशवरा व्हायचाय." घरात कुणाचं काही मोठं ठरवायचं असलं की सगळे एकत्र बसून बोलतात, त्याला मशवरा म्हणतात, असं तिने समजावून सांगितलं. शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर बसणार होते. "आणि मी इस्तिखारा पण करतेय. दोन रकात नमाज पढून अल्लाहकडे मागायचं, यात माझं भलं असेल तर हे माझ्यासाठी सोपं कर, नसेल तर माझ्यापासून लांब कर. मग मन जिकडे थांबेल तिकडे जायचं. माझं मन थांबलंय मॅडम. तीन दिवस झाले."

सतरा वर्षांची मुलगी सांगतेय की माझं मन थांबलंय, आणि ऐकणाऱ्या बाई मनात मोजतायत की शुक्रवारी संध्याकाळी पाचला यादी लॉक करायची मुदत संपते. त्यांना त्यात दिसल्या त्या फक्त दोन चाळण्या. आधी देवाची, मग घरच्यांची. आणि त्या दोन्हींतून मुलगी गाळून घरातच राहणार.

आता तो यादीचा नियम. प्रवेशाच्या पहिल्या फेरीत तुम्ही कॉलेजं पसंतीच्या क्रमाने लिहायची. पहिल्याच क्रमांकाचं मिळालं की तुमचं नाव तिथे गोठतं. पुढच्या फेऱ्या तुम्हाला बंद. घ्या, नाहीतर घरी बसा. बहुतेक पालकांना हा नियम ठाऊक नसतो. बाईंना तो तोंडपाठ होता, आणि त्यांनी त्याचा एक उपयोगही शोधून काढला होता. तीन वर्षांपूर्वी उर्वी नावाच्या मुलीचे वडील तिला नाशिकला पाठवायला तयार नव्हते. बाईंनी तिला पहिल्या क्रमांकावर नाशिक टाकायला लावलं. मिळालं. वडिलांनी दोन दिवस तोंड फुगवलं आणि तिसऱ्या दिवशी पेढे घेऊन शाळेत आले. त्या पेढ्यांनी घात केला. दार बाहेरून बंद करून टाकलं की परवानगीचा प्रश्नच उरत नाही, हे बाईंना त्या दिवशी कायमचं पटलं.

शुक्रवारी सकाळी दहाला त्यांनी तहूराला बोलावून घेतलं. सर्व्हर दुपारनंतर बसतो, हे निमित्त. संगणक उघडला, तिच्या नावाने आत शिरल्या. मग तासभर बोलल्या. मवाळ आवाजात, पाण्याचा ग्लास पुढे करून. हे तुझं आयुष्य आहे. आईला तरी आवडेल का, तिच्यासाठी तू थांबलीस हे? पाळ्या काय, बदलता येतात. तू फक्त स्वतःचा विचार कर, एकदा, एकदाच.

"बाबांना फोन करू का?" तहूराने विचारलं.

"विचारलंस की संपलं, बाळा. मला माहीत आहे. आधी मिळू दे. हातात आलेल्या सीटला कुणी नाही म्हणत नाही."

"पण मशवऱ्यात मला विचारतील तेव्हा?"

"तेव्हा काही बोलू नकोस. यादी लागली की मी येते तुमच्या घरी. मी बोलते."

तहूराने पडद्यावरची नावं वरून खाली वाचली. समोर वयाने मोठी बाई, शिक्षिका, जिच्याशी उलट बोलायचं नाही असं तिला घरीच शिकवलेलं. त्या घरच्या वळणाचा असा वापर होईल हे शिकवणाऱ्यांना कुठून ठाऊक असणार! साडेअकराच्या सुमाराला तिने मोबाईलवर आलेला ओटीपीचा आकडा वाचून दाखवला आणि बाईंनी यादी लॉक केली. पुणं पहिलं. पोरगी उठताना म्हणाली, "नाहीच लागणार बहुतेक पुण्याला. हो ना मॅडम?" बाई हसल्या.

लागलं. पुढच्या आठवड्यात बाईंनी शिक्षकांच्या खोलीत बर्फी वाटली.

दुसऱ्या दिवशी हिदायत पेवेकर आले. वर्कशॉपमधून परस्पर, नखांत ग्रीस तसंच. खुर्चीच्या कडेवर बसले. बाईंनी या भेटीची तयारी केलेली होती. त्यांनी सुरुवातच केली, की मुलगी हुशार आहे, जग बदललंय, तुम्ही तिच्यावर विश्वास ठेवा, तिला पाठवा. पेवेकरांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. सगळं झाल्यावर म्हणाले, "मॅडम, पाठवणार नाही असं कोण म्हणालं?"

बाईंनी समोरचा कागद उलटा करून ठेवला.

"मीच म्हणालेलो पुण्याला जा. माझी सख्खी बहीण आहे कोंढव्यात, तिच्याशी बोलणं पण झालेलं. शुक्रवारी बसलो आम्ही. आमच्यात सगळ्यात लहान असतो त्याला आधी बोलायला लावतात. माझ्या वडिलांनी घातलेला रिवाज. मोठे आधी बोलले की लहान नुसती मान हलवतो, मग त्याच्या मनातलं कळणार कसं? तर तहूरा आधी बोलली. नवी मुंबई म्हणाली. कारणं दिली सगळी. अम्मीचं सांगितलं. मी नंतर माझं बोललो, पुण्याचं. तिने ते पण ऐकून घेतलं आणि नाही म्हणाली. मग मी माझं मागे घेतलं. सगळे म्हणाले, पोरीचं मन नक्की आहे, तसंच करू या. दुआ मागितली आणि उठलो." त्यांनी नखातलं ग्रीस अंगठ्याने खरवडलं. "आणि तिने सकाळीच दुसरं करून ठेवलेलं. आम्हाला सांगायची हिंमत झाली नाही तिची. काल मेसेज आला माझ्या मोबाईलवर, अभिनंदन म्हणून. तेव्हापासून जेवली नाहीये."

बाहेर मधल्या सुट्टीची घंटा झाली, पोरं ओरडत जिन्यावरून उतरली. पेवेकरांनी आवाज कमी होईपर्यंत वाट पाहिली.

"मी भांडायला नाही आलोय. तुम्ही भल्यासाठीच केलं असणार. फक्त एवढं सांगा, नंबर बदलता येईल का?"

बाईंना नियम तोंडपाठ होता. तरीही त्या म्हणाल्या, बघते. हेल्पलाइनला फोन लावले, सतरा वेळा. ठाण्याला घोडबंदर रोडच्या प्रवेश सुविधा केंद्रावर रिक्षाने गेल्या, दीड तास ट्रॅफिकमध्ये अडकल्या, आणि तिथल्या मुलीने सगळं नीट ऐकून घेऊन, जे बाई इतरांना सांगत आल्या होत्या तेच त्यांना सांगितलं. पहिली पसंती मिळालीय ना मॅडम, मग प्रॉब्लेम काय?

पेवेकरांच्या घरी पुन्हा मशवरा बसला. सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, जा पुण्याला, शनिवार आम्ही बघू. आईनेही सांगितलं. तहूराने बॅग भरली. निघायच्या दोन दिवस आधी आईच्या हाताला, जिथे सुया टोचतात तिथे, जंतुसंसर्ग झाला आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. तहूरा गेली नाही. सीट घ्यायची शेवटची तारीख दवाखान्याच्या बाकावर निघून गेली. पुढच्या फेऱ्या तिला बंद होत्या. तिच्यापेक्षा कमी गुणांच्या दोन मुली नवी मुंबईच्या त्या कॉलेजात दाखल झाल्या. तहूराचं वर्ष गेलं.

फेब्रुवारीत तिची आई वारली.

शुभदाबाई भेटायला गेल्या. आतल्या खोलीत बायका बसल्या होत्या, कुणी पुटपुटत पढत होतं. बाईंना जागा करून दिली गेली. तहूराने पाणी आणून दिलं, रिकामा ग्लास घेऊन गेली. एकाही माणसाने वाकडा शब्द काढला नाही. चाचीने उलट शेजारणीला सांगितलं, या शाळेच्या मॅडम, तहूरासाठी खूप धावपळ केली यांनी. बाईंना वाटलं, कुणीतरी उठून आपल्याला चार शिव्या द्याव्यात आणि हाताला धरून बाहेर काढावं. तसं काही झालं नाही.

घरी आल्यावर विश्राम म्हणाला, "अगं, एका परीने बरंच झालं की. पुण्याला असती तर आईचे शेवटचे दिवस मिळाले असते का तिला?"

"नवी मुंबईला असती तरी मिळाले असते रे," बाई म्हणाल्या. "आणि वर्षही मिळालं असतं." विश्रामने कोडं पुढे ओढलं.

त्या वर्षी बाईंनी काम सोडायचं ठरवलं, मुख्याध्यापकांनी सोडू दिलं नाही. मग त्या सावध झाल्या, इतक्या की निरुपयोगी झाल्या. कुणी विचारलं कोणतं घेऊ, तर म्हणत, घरी बोललास का? आईशी बोल, आजीशी बोल, मग ये. संचिता नावाची एक मुलगी त्यावर रडत म्हणाली, मॅडम, घरी कुणी बोलायलाच नाहीये म्हणून तर तुमच्याकडे आले. बाईंकडे तिलाही द्यायला काही नव्हतं. एकीच्या घराला त्यांनी विचारलं नव्हतं आणि दुसरीला विचारायला घर नव्हतं. प्रमाणपत्र भिंतीवर होतं तिथेच होतं.

जूनमध्ये पुन्हा निकाल लागले. तहूराने प्रवेश परीक्षा पुन्हा दिली होती, वडिलांनी फॉर्म भरला म्हणून. गुण थोडे खाली आले होते, पण नवी मुंबईचं अजूनही मिळण्यासारखं होतं, पुणंही दुसऱ्या फेरीत कदाचित. ती खोलीत आली तेव्हा तिच्या डोक्याला गेल्या वर्षीचाच करडा स्कार्फ, खांद्याला तीच बॅग. बाईंनी उठून खुर्ची पुढे केली. गेले काही महिने त्या या दिवसाची वाट बघत होत्या. आपण एक शब्द बोलायचा नाही, सगळं तिला ठरवू द्यायचं, हे त्यांनी मनाशी घोकलं होतं.

"यंदा यादी तू लिहायचीस," त्या म्हणाल्या. "मी नुसती बसते. घरी मशवरा झाला का?"

"झाला."

"मग तू काय बोललीस?"

"काही नाही. बाबांनी विचारलं आधी, नेहमीसारखं. मी म्हटलं तुम्ही ठरवा. बाबा म्हणाले, तू बोलल्याशिवाय कोणी बोलणार नाही. मग सगळे खूप वेळ तसेच बसून राहिले." तिने बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळला. "शेवटी अस्रची, दुपार कलल्यावरची, अजान झाली आणि उठले. बाबा म्हणाले, मॅडमकडे जाऊन ये."

"आणि इस्तिखारा?"

"नमाज पढते मी रोज. ते नाही करत आता."

"का गं?"

तहूराने विचार केला. चिडली नव्हती ती. गणितातली पायरी समजावून सांगावी तसं म्हणाली, "गेल्या वर्षी मन थांबलेलं मॅडम. एकदम पक्कं. आणि मग तुम्ही एक तास बोललात आणि मी नंबर वाचून दाखवला. मीच वाचला ना? तुम्ही माझा हात थोडीच धरलेला. मग माझं मन म्हणजे असंच आहे. कोणी पण बोललं की फिरतं. त्याला काय विचारायचं?"

बाईंना सांगायचं होतं की नाही, तसं नाही, तुझं मन पक्कंच होतं, मी ते मोडलं, दोष माझा आहे, पूर्ण माझा. त्यांनी ते सांगितलंही. जवळजवळ याच शब्दांत. तहूराने मान हलवली. मोठ्या माणसाचं बोलणं झाल्यावर हलवतात तशी.

"तुला आता मेकॅनिकलच करायचंय ना?"

"चालेल."

"बाळा, चालेल नाही. तुला काय हवंय?"

"तुम्ही लिहा ना मॅडम. तुम्ही सांगाल ते." आणि तिने पासवर्ड लिहिलेला कागद टेबलावर सरकवला.

मुदत संध्याकाळी पाचपर्यंत होती. घड्याळात साडेतीन झाले होते. यादी भरली नाही तर आणखी एक वर्ष जाणार होतं, हे बाईंना माहीत होतं, आणि भरली तर ती कुणाची असणार होती, हेही माहीत होतं. त्यांनी पेवेकरांना फोन लावला. लेथच्या घरघरीतून आवाज आला, "मॅडम, ती बोलली का काही?" बाई म्हणाल्या, नाही.

चार वाजून गेल्यावर बाईंनी संगणक उघडला. पडदा मुलीच्या बाजूला वळवला. काही तरी हलेल, एखाद्या नावाला ती नाही म्हणेल, एवढ्याच आशेने त्यांनी कॉलेजांची नावं एकेक करून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. नवी मुंबईचं वाचलं. पुण्याचं वाचलं. मग ठाण्याचं, मग नाशिकचं, मग नागपूरचं, जिथे ती कधी गेलीही नव्हती.

प्रत्येक नावाला तहूरा म्हणत होती, "चालेल."